चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचं अंथरूण

मंडळी, हा लेख हॅमस्टरच्या अंथरुणावर आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या :) आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत मला ठाऊक आहे. "उंदराला गादी? आम्ही सतरंजीवर झोपून मोठे झालो!" मान्य. पण सतरंजी निवडताना ती पायात अडकून पाय तुटेल का, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नव्हता. हॅमस्टरच्या बाबतीत तो पडतो, म्हणून हा प्रपंच.

माझं मत थोडक्यात असं, की आपल्याकडे या प्राण्याच्या अंथरुणावर एक तर चुकीच्या ठिकाणी काटकसर होते, नाहीतर चुकीच्या ठिकाणी उधळपट्टी.

आधी कापसाबद्दल बोलतो, कारण माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे. दुकानात गुलाबी-निळ्या रंगाचा तो मऊमऊ कापूस पाकिटात घालून विकतात. दिसायला इतका गोड की पोरं हट्टच धरतात. भाचीच्या 'लाडू'साठी तोच आणला होता. "सगळे हाच नेतात," असं दुकानदाराने सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात लाडूच्या मागच्या पायाला त्याचा एक तंतू गुंडाळला गेला. तो जितका ओढत होता तितका फास आवळत होता. रात्रीत पाय सुजून काळपट झाला. डॉक्टरांनी भिंगाखाली तो धागा कापून काढला. पाय वाचला, दोन बोटं गेली. भाची आठ वर्षांची आहे, आणि दवाखान्यात तिने एकच विचारलं, "मऊ होतं ना पण ते?" याला काय उत्तर द्यायचं?

हे काही आमच्याच घरचं नवल नाही. ब्रिटनमधली आरएसपीसीए ही प्राणिसंस्थाही असला कापूस वापरू नका म्हणूनच सांगते. तंतू पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर आतडी अडतात. त्यात हॅमस्टर अंथरूण गालाच्या पिशव्यांमध्ये कोंबून वाहून नेतो, म्हणजे जे खाली पसराल ते तोंडात जाणारच. मग प्रश्न असा, की माहीत असूनही ते विकलं का जातं? कारण ते विकत घेणारा हॅमस्टर नसतो, आपण असतो. आपल्याला जे मऊ वाटतं ते त्याच्या गळ्यात मारायचं. (अक्षरशः.)

आता फुकटचा पर्याय, सुताराकडचा भुसा. आमच्या काकांनी लगेच पोतंभर आणून देण्याची तयारी दाखवली. पण काका, हल्ली सुताराकडे असतं काय? प्लायवूड आणि एमडीएफ. दोन्ही बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनने चिकटवलेलं असतं, आणि भुसा पिठासारखा बारीक. मूठभर फुप्फुसाच्या प्राण्याने चोवीस तास त्यात नाक खुपसून राहायचं? दुकानातल्या सुगंधी सीडरच्या भुशाचं तर विचारूच नका. १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात व्हेसेल नावाच्या संशोधकाने दाखवलं होतं, की मऊ लाकडाच्या, विशेषतः लाल सीडरच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली, औषधं पचवणारी विकरं वाढतात. झोपेचं औषध दिलेले उंदीर लवकर जागे होत होते. म्हणजे आपल्याला छान वाटणारा तो वास त्या जिवाच्या यकृताला कामाला लावत होता. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये ते वासाचे घटक कमी असतात, पण पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तरच घ्यावं.

वर्तमानपत्र? रद्दी घरात असतेच, त्यामुळे मोह होतो. शाईमुळे मी वापरत नाही. २०१६ मध्ये एफएसएसएआयने वर्तमानपत्रात खाणं गुंडाळू नका म्हणून सांगितलं होतं. आपण तरीही वडापाव त्यातच खाल्ला ती गोष्ट वेगळी!

मांजरांची गुठळ्या होणारी लिटर अजिबात नको, ती पोटात गेली तरी फुगते. भाताचा तूस टोचरा, आणि त्यात बीळ टिकत नाही.

मग उरतं काय? कागदाचं परदेशी बेडिंग मिळतं. चांगलं असतं, शंका नाही. पण हॅमस्टरपेक्षा त्याचं एक पाकीट महाग! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. परवडत असेल त्यांनी खुशाल आणावं. आम्ही साधा, बिनवासाचा, बिनरंगाचा टॉयलेट पेपर फाडून घालतो. लांब पट्ट्या नाही करायच्या, बोटभर तुकडे करायचे. त्यात थोडं मऊ सुकं गवत मिसळायचं, म्हणजे बोगदे कोसळत नाहीत. गावाकडून कडबा आणू का, असं मामी विचारत होत्या. मामी, कडबा नको, त्याची धसकटं गालाच्या पिशवीत टोचतील. कोपऱ्यात एका वाटीत वाळू ठेवली की लाडू तिथेच मुततो आणि बाकीचं अंथरूण जास्त दिवस टिकतं. वाळू नदीची, चाळून धुतलेली हवी. बांधकामावर आता बऱ्याच ठिकाणी क्रश सँड असते, ती दगड फोडून केलेली, टोकदार.

पण काय घालता याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते किती घालता. सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासचा. १९३० साली आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, आणि आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्यांचेच वंशज. खणून काढली हे लक्षात घ्या. हा प्राणी जमिनीखाली दोन-तीन फुटांवर घर करतो. २००६ मध्ये बर्नच्या संशोधकांनी काही हॅमस्टर १० सेंटिमीटर अंथरुणावर, काही ४० वर आणि काही ८० वर ठेवून पाहिले. १० वाले पिंजऱ्याच्या तारा इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त कुरतडत होते.

आपल्याकडे मिळणाऱ्या पिंजऱ्याचा तळ किती खोल असतो? चार बोटं! वर तीन मजले, चाक, घसरगुंडी, आणि खाली चार बोटं. मग "आमचा रात्रभर तारा चावतो, फार मस्तीखोर आहे हो," असं कौतुकाने सांगायचं. मस्ती कसली, त्याला खणायला जमीन हवी आहे. माझा सल्ला असा, की त्या रंगीत पिंजऱ्याच्या पैशात कपडे ठेवायचा मोठ्यात मोठा प्लॅस्टिकचा खोका आणावा, झाकण कापून तिथे जाळी बसवावी आणि वीतभर तरी अंथरूण घालावं. दिसायला गबाळं दिसतं. दिवाणखान्यात पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत.

आणि एवढं सगळं अंथरूण दर रविवारी फेकायचं नसतं. त्याला त्याचा स्वतःचा वास लागतो, सगळं बदललं की बिचारा सैरभैर होतो. ओला कोपरा काढायचा, बाकीचं राहू द्यायचं. पावसाळ्यात मात्र तळाशी बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही दर तीन-चार दिवसांनी तळाशी हात घालून बघतो, आणि दमट लागलं की तेवढाच थर बदलतो. हे काम आता भाचीने स्वतःकडे घेतलंय. कापसाचं उरलेलं पाकीटही तिनेच, कुणाला न विचारता, कचऱ्यात टाकलं.