कोड उघडा, चर्चा बंद: मग ते ओपन सोर्स किती ओपन?

ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना दिसतो, एवढंच आपण धरून चालतो. पण कोड दिसणं वेगळं, आणि तो कोणी, कधी, का बदलला हे दिसणं वेगळं.

आरोग्य सेतू आठवतंय? 2 एप्रिल 2020 ला आलेलं हे सरकारी ॲप तेव्हा इथे नागपुरात माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या फोनमध्ये होतं. ते ब्लूटूथ आणि लोकेशन वापरायचं, म्हणून आत काय चाललंय हे विचारणं साहजिकच होतं. 26 मे रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहबवर आला. चांगलं झालं. पण सर्व्हरचा कोड त्यात नव्हता, आणि बदल कसे ठरतात ते बाहेरच्यांना कळत नव्हतं. ॲप नेमकं कोणी बनवलं, याचं माहिती अधिकारात नीट उत्तर मिळेना. शेवटी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली.

मग सगळंच चव्हाट्यावर बोलायचं का? नाही. सुरक्षेतली चूक दुरुस्तीआधीच जाहीर केली, तर हॅकरचंच फावतं. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लिनक्सवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. शोधल्यावर 'एक्सझेड' या टूलमध्ये मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा सापडला. त्यांनी आधी मोजक्या सुरक्षा टीम्सना कळवलं आणि 29 मार्चला सगळ्या जगाला सांगितलं. लिनक्सवाल्यांच्या अशा एका बंद गटाचा नियमच आहे: गुपित जास्तीत जास्त 14 दिवस.

आता आपल्या फोनकडे या. मार्च 2025 मध्ये गुगलने सांगितलं, की अँड्रॉइडचं काम यापुढे पूर्णपणे कंपनीच्या आतच चालेल; कोड मिळेल, पण काम झाल्यावर. म्हणजे वाढलेलं ताट मिळेल, स्वयंपाकघरात शिरता येणार नाही. कस्टम रॉम बनवणाऱ्यांना पुढे काय येतंय ते आधी दिसणार नाही.

माझ्या मते दार बंद असायला हरकत नाही. ते का बंद आहे आणि कधी उघडेल, हे मात्र सांगायला हवं. पुढच्या वेळी एखादं ॲप 'आम्ही ओपन सोर्स' म्हणालं, तर तीन गोष्टी बघा: कोडमधला शेवटचा बदल कधीचा आहे, सर्व्हरचा कोड आहे का, आणि लोकांनी कळवलेल्या चुकांना कोणी उत्तर देतं का.