फरशी कुणी पुसली?



यंदाच्या पावसाळ्यात कामशेतच्या आमच्या वाचन गटात एक रहस्यकादंबरी वाचायला निघाली. गटात बारा-पंधरा जणी. कुणी अंगणवाडीत, कुणी तळेगावच्या कारखान्यात कंत्राटावर, आणि चौघीजणी रोज लोकलने लोणावळ्याला जाऊन तुंगार्लीच्या बंगल्यांची साफसफाई करणाऱ्या. ‘चळवळीच्या गटात हे असलं काय वाचायचं?’ असा प्रश्न आलाच. तो विचारणारी मीच होते, हे कबूल करते.

कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही, अशा दहा निघतील. लोणावळ्याचा बंगला, धुकं, गेलेली वीज, आणि दहाव्या पानावर दिवाणखान्यात मरून पडलेली तरुण बाई. तिचे केस, नखं, सरकलेला पदर यांवर पानभर वर्णन. ती पोटासाठी काय करत होती, तिच्या मागे रडणारं कोण, यावर ओळही नाही. पोलीस येतात तेव्हा फरशी लख्ख असते. लेखक पुढे निघून गेला, आमची एक मैत्रीण मात्र तिथेच अडली. ‘फरशी कुणी पुसली?’

कुणाला उत्तर देता येईना. मग तीच बोलायला लागली. ‘शनिवार-रविवारची पार्टी झाली की सोमवारी सकाळी पहिलं पाऊल माझं पडतं. ग्लास किती, कुठल्या खोलीतली गादी वापरली, बाथरूमच्या जाळीत कुणाचे केस, सगळं माझ्या हाताखालून जातं. ह्या पुस्तकातली बाई दोनदा येते. एकदा चहा घेऊन, एकदा किंचाळायला.’

रहस्यकथांची इतकी नेमकी समीक्षा मी फार कमी वेळा ऐकली आहे.

त्यानंतरच्या बैठकीत मी अगाथा ख्रिस्तीची ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ मराठीत सांगितली. १९५३ सालची कादंबरी. त्यात श्रीमंतांच्या घरातल्या खुनांबरोबर ग्लॅडिस नावाच्या मोलकरणीचाही खून होतो. वाळत घातलेल्या कपड्यांपाशी ती सापडते, नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला. या पोरीला घरकाम शिकवलं होतं मिस मार्पलने. म्हातारी त्या घरी येते ती त्या चिमट्याचा संताप आल्यामुळे, मालकाच्या मृत्यूचं कोडं सोडवायला नव्हे. (खुनी कोण ते सांगत नाही.) ख्रिस्तीबाईंना स्त्रीमुक्तीवाली म्हणण्याची माझी तयारी नाही, नोकरवर्गाकडे त्या बऱ्याचदा वरूनच पाहतात. पण इथे मेलेल्या मुलीची दखल घेतली गेली, आणि तीही तिला ओळखणाऱ्या बाईकडून.

मेलेल्या बाईला कोण कसं वाचतं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने पतीला दोषी धरलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही म्हणून, त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी हवी याचे त्या निकालातले पाच नियम आजही कोर्टात सांगितले जातात. नियम योग्यच आहेत, संशयावरून कुणाला फाशी व्हावी असं आपणही म्हणणार नाही. पण बहिणीला आणि मैत्रिणीला तिने लिहिलेली पत्रं तिथे वाचली गेली आणि तिच्या हळवेपणाकडे बोट दाखवलं गेलं. हळवी होती म्हणून जीव दिला असेल, की कुणी सुखाने जगू देत नव्हतं म्हणून पत्रं हळवी झाली? त्याच पत्रांचं आणखी एक वाचन ‘मी एक मंजुश्री’ या नारी समता मंचाच्या प्रदर्शनाला आलेल्या हजारो बायकांनी आपापल्या मनात केलं असणार.

त्या काळातल्या देशभरच्या आंदोलनांतून १९८३ मध्ये ४९८अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ब. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत ८५-८६ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, २००६ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चार भिंतींच्या आत बाईचा जीव गेला, तर घरातल्यांनी नुसतं गप्प राहून सुटता येणार नाही. रहस्यकथेतल्या ‘बंद खोली’ला दिलेलं इतकं सरळ उत्तर मला कुठल्या कादंबरीत सापडलेलं नाही.

मग रहस्यकथांतून बाईवरची हिंसा हद्दपारच करावी का? २०१८ मध्ये इंग्लंडात ‘स्टाँच बुक प्राइझ’ सुरू झालं. ज्या थरारकथेत कुठल्याही बाईला मारहाण, पाठलाग, बलात्कार, खून होत नाही, अशाच पुस्तकासाठी. हरकत घेतली ती काही गुन्हेकथा लेखिकांनीच. मी त्यांच्या बाजूची. लिहायचं थांबवून मारहाण थांबत नाही. प्रश्न पदर सरकवून लिहिण्याचा आहे.

गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’वरून (२०१२) मात्र गटात भांडण झालं. नवऱ्याला खोटं अडकवणारी नायिका. एकीचं म्हणणं, ‘कायद्याचा गैरवापर’ म्हणणाऱ्यांच्या हातात हे कोलीत आहे. दुसरीचं, बाईला दुष्ट असायचाही हक्क नाही का? मी दुसरीकडे झुकले. पण बायकांनी केलेल्या शंभर तक्रारी ज्याने वाचलेल्या नाहीत तो या एकीवरूनच शंभर ओळखल्याचं सांगेल, ही पहिलीची भीती मला खोडता आली नाही. अजून येत नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्यांसाठी वाचनालयांत नंबर लागत. आपण मात्र असल्या पुस्तकांना टाइमपास म्हणून बाजूला ठेवलं. अमेरिकेत सारा पॅरेट्स्की आणि सहकारी लेखिकांनी १९८६ मध्ये ‘सिस्टर्स इन क्राइम’ उभी केली, तेव्हा वर्तमानपत्रांत बायकांच्या रहस्यकथांची किती परीक्षणं येतात हे चक्क मोजायला घेतलं. आपल्या मुली, भाऊ, चौकीतले हवालदारसुद्धा हीच पुस्तकं वाचतात, त्यांवरच्या मालिका पाहतात. कुणावर संशय घ्यायचा आणि कुणाला विचारायचंच नाही, हे तिथूनही शिकतात. मी पाहिलेल्या पंचनाम्यांत पंच बहुतेक पुरुषच होते.

म्हणून पुढच्या अंकापासून रहस्यकादंबऱ्यांच्या परीक्षणासाठी दोन पानं राखली आहेत. तुमच्या गटात काय वाचलं, कुठे अडलात ते लिहा, लिहिता येत नसेल तर सांगून लिहवून घ्या. पहिलं परीक्षण तुंगार्लीला जाणारी आमची मैत्रीण सांगते आहे. तिने शेवटचं प्रकरण आधीच ऐकून घेतलंय, आणि खुनी चुकीचा पकडला आहे असं तिचं ठाम मत आहे.