स्वयंपाकघरातल्या नळाला बागेची नळी



इथे आपण जुन्या इंदूरच्या आठवणी काढतो. आज एक तक्रार लिहितोय, आणि ती स्वतःबद्दलचीच आहे.

१९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं. पुढे आमच्याकडेही कनेक्शन आलं, अर्ध्या इंचाचं. त्याची एक फांदी स्वयंपाकघरात, दुसरी अंगणात जमिनीखालच्या हौदात. अंगणात नळ नव्हताच. झाडांना तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, तेही बादलीने. कोणी नळाचं पाणी झाडांना घातलं की आई म्हणायची, "आपण काय होळकर आहोत का?" जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, तेही घाट चढवून आणलेलं पाणी, तिचं काही चुकत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांनी पन्नास फुटी हिरवी नळी आणि नळावर बसवायचं प्लास्टिकचं जोडणं आणलं. "बाबा, आता बादल्या उचलायच्या नाहीत." गुडघ्यांमुळे मलाही ते पटलं. पहिल्याच दिवशी नळी सटकून ओट्यावरचा पोह्यांचा डबा भिजला, मग क्लिप आवळली. इथपर्यंत ठीक.

एका सकाळी शेणखत कालवलेल्या बादलीत नळीचं तोंड बुडवून ठेवलं. तेवढ्यात फोन आला म्हणून आत गेलो. बोलता बोलता नळ गेले. बादली भरून वाहत असेल म्हणून धावत आलो, तर उलट निम्मी रिकामी! वाटलं, फुटकी असेल.

दुसऱ्या दिवशी हिने हौदाचं झाकण उघडलं आणि हाक मारली, "अहो, पाण्याला गोठ्याचा वास येतोय."

नात सुट्टीला आली होती. माठ आदल्या दिवशी सकाळी नळाच्याच पाण्याने भरलेला, म्हणून वाचलो. हौद उपसला, ब्लीचिंग पावडर टाकून घासला, टँकर मागवला.

झालं होतं ते असं. नळाला दाब असेतो पाणी बाहेर येतं. दाब गेला, नळ उघडा आणि नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं असलं, की उताराच्या बाजूला तेच पाणी मागे ओढलं जातं. आमचा हौद बादलीपेक्षा खाली, तिकडे गेलं. जन्मभर जमा आणि नावे लिहिणाऱ्या माणसाला नळीलाही दोन बाजू असतात हे सुचलं नाही, याचीच लाज वाटते.

आपल्या घरापुरतं असतं तरी एकवेळ चाललं असतं. पण आपल्या गल्ल्यांत कितीतरी जण नळाच्या लाइनलाच मोटार लावतात (बेकायदेशीर आहे, सगळ्यांना माहीत आहे). ती मोटार लाइनमधून जे मिळेल ते खेचते. म्हणजे माझं शेणखत शेजारच्या माठात. औषध फवारणीची बादली असती तर?

प्लंबर म्हणाला, "बाबूजी, सब जगह ऐसे ही चलता है." चालत असेल, पण आपण चालवू नये असं माझं ठाम मत आहे. नळी नळाच्या थेट लाइनला नकोच. आम्ही गच्चीवरच्या टाकीतून बागेसाठी वेगळी लाइन काढली, त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. धार बारीक येते, झाडांना पुरते. एवढा खर्च नको असेल त्यांनी निदान नळीचं तोंड कशातही बुडवू नये, बादलीच्या काठाच्या वीतभर वरच धरावं, आणि काम झालं की नळी नळावरून काढून ठेवावी. याला एक पैसा लागत नाही.

चिरंजीव म्हणतात, मी फार मनाला लावून घेतो. असेल. पण ही अजूनही आधी हौदाचं पाणी हुंगते, मगच मोटार लावते.