पगारातले दोनशे रुपये आणि वसंतराव नाईक

परवा सॅलरी स्लिप नीट वाचली. पीएफ, इन्कम टॅक्स आणि एका कोपऱ्यात बिचारा प्रोफेशन टॅक्स, 200 रुपये. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. इतकी वर्षं नोकरी करतोय, पण हा नक्की कशासाठी कापतात हे कधी विचारलंच नव्हतं. उत्तर मिळालं ते भातकुलीला, मोठ्या काकांच्या ओसरीवर.

दिवाळीला गेलो होतो. आम्ही टॅक्स भरायचा आणि सरकारनं उधळायचा, ही माझी नेहमीची टेप सुरू होती. काका म्हणाले, "काहून बोंबलतं बापू? बहात्तर साली तुही आजी रस्त्यावर गिट्टी फोडे, तवा आमची चूल पेटे. तुहा पैसा तिच्यासारख्याच्याच कामी आला."

मग गाडी वसंतराव नाईकांवर घसरली. पुसदचा, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातला माणूस. डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975, सलग अकरा वर्षं मुख्यमंत्री. इतकी सलग खुर्ची महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. 1967 साली काँग्रेसला 270 पैकी 203 जागा, 1972 साली 222. काकांच्या लेखी विषय इथेच संपला.

माझ्या लेखी नाही. आमच्या धंद्यात रिलीजच्या दिवशी टाळ्या पडल्या म्हणून कोणी कोडला चांगलं म्हणत नाही. लिहिणारा निघून गेल्यावरही तो चालतो का, हे बघतात.

तर हिशोब मांडू. 1972-73 च्या दुष्काळात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. मराठवाड्याइतके हाल आमच्याकडे नव्हते. पण भातकुली खारपाणपट्ट्यात. पाऊस गेला की विहिरीचं खारं पाणी पिकाला घालता येत नाही. तिथे मजुरीचं काम म्हणजेच भाकर.

मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांची. 1965 साली तासगाव भागात ती करून पाहिली आणि नाईकांच्या सरकारनं 1972 मध्ये राज्यासाठी योजना घेतली. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसला, तोच माझा प्रोफेशन टॅक्स. तोवर नाईक पायउतार होऊन शंकरराव चव्हाण आले होते. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. करातून जेवढं येईल तेवढीच भर सरकारनं घालायची, अशी सोय त्यात होती. माणसं बदलली, योजना चालू राहिली. 2006 मध्ये केंद्राची रोजगार हमी सुरू झाली, तेव्हा अमरावती जिल्हा पहिल्याच टप्प्यात होता.

आता दुसरी बाजू. नाईकांच्याच काळात 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडवण्याचा. पण पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत, योजना तोट्यात गेली आणि शेवटी खासगी व्यापाऱ्याला वाट मोकळी करावी लागली. आणि सिंचन? 1984 च्या दांडेकर समितीनं राज्याचा एकूण अनुशेष 3,186 कोटी काढला, त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के. सगळं खापर एका माणसावर फोडता येणार नाही. पण अकरा वर्षं आपला माणूस मुंबईत बसून हे असं कसं, हा प्रश्न उरतोच.

हे ऐकवल्यावर काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पानी नाही आनलं बाप्पा, हे खरंच हाय. पन उपाशी नाही मरू देल्लं."

मला वाटतं, निकाल हाच. एका खर्चाला कराचं भक्कम मूळ मिळालं, म्हणून तो टिकला. कापसाला तसं मूळ नव्हतं. जागा 222 असोत की 22, मुख्यमंत्र्याला विचारायचं एवढंच: पैसा कोणाकडून घेतला, कोणाला दिला आणि तुम्ही गेल्यावर काय उरलं?

जाता जाता एक. या कराची कमाल मर्यादा घटनेनं 1988 मध्ये 2,500 केली, ती अजून तिथेच आहे. त्यामुळे महिना पंचवीस हजारवाला आणि अडीच लाखवाला, दोघंही तेवढेच भरतात. माझ्याकडून जास्त घ्या, असं म्हणायची हिंमत मी त्या ओसरीवर केली. हापिसात करेन का, माहीत नाही. तुम्ही कराल?