साडेचार मीटरच्या लाटा? आयर्विनचे फूट मोजणाऱ्यांनी तरी हे खपवून घेऊ नये

पाऊस लागला की टीव्हीवर खाली पट्टी फिरायला लागते : "आज समुद्रात 4.7 मीटर उंचीच्या लाटा उसळणार!" सोबत गेटवेचा जुना व्हिडिओ. आणि आपण मिरजेत बसून तो चार ग्रुपवर ढकलतो. स्पष्टच बोलतो, ही बातमी चुकीची आहे. आणि दरवर्षी तीच चूक होते.

तो आकडा लाटांचा नाही, भरतीचा आहे. मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर खाली जातं तिथं शून्य धरायचं आणि भरतीला ते किती चढेल ते मोजायचं. हे चंद्र-सूर्याचं गणित, तक्ते आधीच छापून तयार असतात. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा काढते, त्या याच. त्या दिवशी वारा पडलेला असला, तरी आकडा तोच राहतो.

आता आपल्याकडं या. आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा कुणी "कृष्णेत 57 फुटांच्या लाटा" म्हणाला असता, तर कृष्णा घाटावर त्याला उभा केला नसता. मग समुद्राच्या बाबतीत आपण गप का?

"शब्दाचा घोळ आहे, सोडा हो" असं म्हणू नका. या घोळात खरा धोका झाकला जातो.

समुद्राचं पाणी गावात शिरतं ते बेरजेनं. एक भरती. दुसरं, वादळाच्या वाऱ्यानं किनाऱ्याकडं लोटलेलं आणि हवेचा दाब कमी झाल्यानं फुगलेलं पाणी. आणि तिसऱ्या खऱ्या लाटा. लाट किनाऱ्याजवळ फुटते, तिचं पाणी मागं जायच्या आत दुसरी येते. पाणी साठत जातं आणि किनाऱ्यालगतची पातळीच वर चढते. बाहेर पाच मीटरची लाट असेल तर हा चढ ढोबळमानानं अर्धा ते एक मीटर. त्याच्यावर परत प्रत्येक लाट बंधाऱ्यावर चढते ती वेगळी. भरतीच्या तक्त्यात यातलं काहीही नसतं!

मे 2021 चं तौक्ते आठवा. वादळ धडकलं गुजरातला, पण जाताजाता लाटांनी कोकण किनारा झोडपला. रत्नागिरीचा मिऱ्या बंधारा कितीदा ढासळला, तेही विचारा तिथल्या लोकांना.

आणि वादळ नसतानाही लाटा येतात. हजारो किलोमीटर लांब, दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लाटा निरभ्र आकाशाखाली आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. केरळात त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलानं येणारा समुद्र. मे 2024 मध्ये अशाच दिवसांत कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुलं बुडाली. लाटांचा इशारा आधीच दिलेला होता. मिरज डॉक्टरांचं गाव. इथली पोरं सुट्टी लागली की गणपतीपुळ्याला पळतात. म्हणून हे लिहितोय.

हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते : उंची किती, दोन लाटांत किती सेकंद. हे सेकंद महत्त्वाचे. जितके जास्त, तितकी लाट लांबून आलेली आणि किनाऱ्यावर जास्त आत घुसणारी. माहिती फुकट आहे. ती सोडून भरतीच्या आकड्याला 'लाटा' म्हणायचं, हा निव्वळ आळस आहे. रोज 'उसळणार' म्हणायचं आणि काही उसळलं नाही की माणूस बेफिकीर होतो. खरा इशारा येतो त्या दिवशी कोण ऐकणार?

मागणी साधी आहे. चॅनेलवाल्यांनी आणि प्रशासनानं भरती वेगळी सांगावी, लाट वेगळी सांगावी. आणि आपण? पुढच्या वेळी तो मेसेज आला की फॉरवर्ड करू नका. खाली एवढंच लिहा : "दादा, ही भरती आहे. लाट किती ते सांगा."

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आकडा घेऊन या.