पडदा आला, गुरुजींचे काय?

चर्चमध्ये ध्वनिक्षेपक आला म्हणून प्रवचन सुधारले, असा अनुभव एकाही श्रद्धावंताला आला नसावा. शाळांच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच गृहीत धरतो. भिंतीवर पडदा लावला, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापला, की मूल वाचू लागेल, ही आजची नवी अंधश्रद्धा होय.

२०२१ साली आरंभलेल्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणारे प्रत्येक मूल समजून वाचेल, असे ध्येय ठेवले. ध्येय स्तुत्यच, पण शिक्षकांच्या तयारीचे काय? त्यांच्या प्रशिक्षणाचा 'निष्ठा' उपक्रम २०१९ साली समोरासमोर सुरू झाला आणि महामारीत, २०२० साली, 'दीक्षा' या शासकीय संकेतस्थळावर गेला. चित्रफीत पाहावी, प्रश्न सोडवावेत, प्रमाणपत्र घ्यावे! 'घ' आणि 'ध' यांत अडखळणारे मूल त्या चित्रफितीसमोर बसलेले नसते.

पडद्यावरील गोष्ट कोठे थांबवावी, पुढे काय घडेल असे केव्हा विचारावे, कोणता शब्द फळ्यावर फोडून दाखवावा आणि पडदा बंद करून पुस्तक मुलाच्या हाती केव्हा द्यावे, ही जाण अनुभवी शिक्षकाच्या शेजारी, खऱ्या वर्गात उभे राहूनच येते.

आपल्या धर्मग्रामांच्या शाळांना यंत्रांसाठी देणगीदार लाभतात, कारण यंत्रावर नाव कोरता येते. शिक्षकाच्या प्रशिक्षणावर ते कोरता येत नाही. तरीही, बंधुभगिनींनो, पुढच्या पडद्याचे पैसे तिकडेच वळवा. नाव मुलांच्या वाचेत उमटेल.