भुसावळ-मनमाडला उतरवलेली ५९ मुलं आणि आपल्याला पडलेले प्रश्न

३० मे २०२३ ची गोष्ट. दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुलं पुणे आणि सांगलीच्या मदरशांकडे निघाली होती. सोबत मदरशाचे शिक्षक होते. रेल्वे सुरक्षा बलाला आधीच खबर मिळालेली, की ही मुलं मजुरीसाठी नेली जात आहेत. भुसावळला २९ आणि मनमाडला ३० मुलांना खाली उतरवलं. लोहमार्ग पोलिसांनी पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून त्यांना अटक केली. हे लोक साधारण चार आठवडे कोठडीत आणि तुरुंगात राहिले. मुलं बारा दिवस नाशिक आणि जळगाव जिल्ह्यातल्या बालगृहांत राहिली. घरच्यांनी आवाज उठवल्यावर ती परत मिळाली.

मार्च २०२४ मध्ये दोन्ही गुन्हे बंद झाले. तस्करी झालीच नव्हती, गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला, असं पोलिसांनीच मान्य केलं.

मी कुपवाडला शिकवते. इथल्या एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. त्यामुळे ही बातमी आमच्याकडे नुसती वाचली गेली नाही, घराघरात तिची चर्चा झाली. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: "टोपी-दाढी बघून पकडलं." ते दुःख मला कळतं. पण तेवढं बोलून आपण थांबलो तर पुढच्या वेळीही हेच होईल. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट बघू या.

अधिकार दोन, अटी वेगवेगळ्या

बालन्याय कायदा २०१५ पोलिसांना मोठा अधिकार देतो. एखादं मूल धोक्यात आहे असं वाटलं तर त्याला ताब्यात घेऊन, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करायचं. यासाठी पुरावा लागत नाही, रास्त शंका पुरे. आणि ते बरोबरच आहे. पुरावा मिळेपर्यंत थांबलं तर मूल पुढच्या स्टेशनवर गायब झालेलं असेल. रेल्वे सुरक्षा बलाच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेतून घर सोडून पळालेली, हरवलेली कितीतरी मुलं परत आई-वडिलांकडे गेली आहेत, हेही इमानदारीने सांगायला हवं.

पुढे समिती चौकशी करते. सामाजिक तपासणीसाठी कायदा १५ दिवस देतो. म्हणजे मुलांना थांबवणं, समितीपुढे नेणं, काही दिवस बालगृहात ठेवणं हे कायद्याच्या चौकटीत बसतं. पण त्याच कायद्यात लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे आणि मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे. अररियातल्या वालिदांशी बोलून खात्री करायला खरंच बारा दिवस लागतात का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुसरा अधिकार मोठ्या माणसाला आरोपी करण्याचा. त्याच्या अटी कडक आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये (आता न्याय संहितेचं कलम १४३) तस्करी सिद्ध व्हायला दोन गोष्टी लागतात: शोषणाचा हेतू, आणि जबरदस्ती, फसवणूक, आमिष असा काहीतरी मार्ग. एकापेक्षा जास्त अल्पवयीन मुलं असतील तर शिक्षा किमान १४ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. इतकं जड कलम नुसत्या शंकेवर लावायचं नसतं. सोबतच्या लोकांकडे पुरेशी कागदपत्रं नव्हती, असं तेव्हा सांगितलं गेलं. कागद नसणं हे चौकशीचं कारण होऊ शकतं, तस्करीचा पुरावा नाही होऊ शकत.

मनमाडची खरी चूक इथे आहे. मुलांची चौकशी पूर्ण होण्याआधीच शिक्षकांवर गुन्हा लागला. पहिल्या अधिकाराला पुरणारी शंका दुसऱ्यालाही पुरली असं धरलं गेलं.

दुसरी बाजू

पोलिसांनी हात लावूच नये, असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी बदलापूर आठवावं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, आणि तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासनतास ताटकळत ठेवलं गेलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोक्सो कायद्यात तक्रार न नोंदवणं हाच गुन्हा आहे, तरी ही अवस्था.

एके ठिकाणी अधिकार घाईने वापरला, दुसरीकडे वापरलाच नाही. दोन्हीकडे नुकसान मुलांचंच झालं.

आणि तिसरं नुकसान माझ्या समोरचं आहे. माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा अचानक यायचा बंद झाला. एका वर्कशॉपमध्ये कामाला लागलाय असं बाकीच्या पोरांनी सांगितलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. १०९८ नंबर पाठ होता. पण फोन केला तर त्याच्या वडिलांना उचलून नेतील, मनमाडसारखं होईल, या भीतीने मी आठ दिवस काढले. शेवटी घरी जाऊन त्याच्या अम्मीशी बोलले. मुलगा परत आला, पण हातावर भाजल्याचा डाग घेऊन. ते आठ दिवस माझ्या खात्यावर आहेत.

चुकीच्या कारवाईचा परिणाम असा लांबपर्यंत जातो. माणसं मदत मागायलाच घाबरतात, आणि खऱ्या तस्करांना तेच हवं असतं.

आता करायचं काय?

पोलिसांकडून आपली मागणी साधी असावी. आधी पालकांना फोन, त्यांच्या गावच्या ठाण्याकडून खात्री, मग गुन्ह्याचा विचार. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा असं कायदा सांगतो. आपल्या ठाण्यात तो कोण आहे, हे जमातीच्या लोकांनी जाऊन विचारावं, ओळख ठेवावी.

मदरशांच्या जिम्मेदारांनीही काही गोष्टी नियमाने कराव्यात. प्रत्येक मुलामागे पालकांचं सहीचं संमतीपत्र, आधारची प्रत, संस्थेचं पत्र, पालकांचे फोन नंबर. प्रवासाआधी आपल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला यादीसह लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. कुणी अडवलं तर हुज्जत घालू नये, मुलांना समितीपुढे नेण्याची मागणी करावी. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे.

काहीजण म्हणतील, गुन्हा आपण केला नाही, मग कागद आपणच का जमवायचे? कारण दुसऱ्याचं मूल ही आपल्याकडची अमानत आहे. आणि १०९८ ला फोन करताना हात थरथरू नये, ही तर पोलीस आणि आपण दोघांचीही गरज आहे.